अंगाला हात न लावता

"पोरगं मुंबईवरनं परत आलंय. गिरण बंद पडली त्याची," चंपाबाई म्हेत्रे म्हणाल्या. "फुडल्या खोलीत शिलाईचं दुकान टाकतो म्हनतोय. आन् त्यो बँडवाला खोली सोडंना. कायतरी मार्ग सांगा, वकीलसायेब."

मी बर्गे वकिलांच्या खुर्चीत बसलो होतो. बर्गे माझे सीनियर. मोतीबिंदूसाठी ते पुण्याला गेले होते आणि जाताना बजावून गेले होते, 'आलेल्या माणसाला बसवून घे, चहा दे, सल्ला देऊ नकोस.' माझी सनद तेव्हा जेमतेम दीड वर्षाची. पक्षकार मला फायली उचलणारा समजत आणि अरे-तुरे करत. चंपाबाईंनी 'वकीलसायेब' म्हटलं आणि मी त्या खुर्चीत जरा मागे रेललो. सगळं तिथूनच बिघडलं.

चंपाबाई साठीच्या होत्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर. परसातली मेथीची जुडी आणून त्यांनी टेबलावर माझ्यासमोर ठेवली होती. बाई खाष्ट नव्हत्या. गावात त्यांना सगळे काकू म्हणत. त्यांना मुलगा मार्गी लावायचा होता, आणि त्याच्या आड एक भाडेकरू येत होता.

"भाडं वेळेवर देतो का?" मी विचारलं.

"देतो की. त्येच तर दुखनं हाय."

"मग कोर्टातून खोली मिळायला दहा-बारा वर्षं लागतील."

"तवर माझ्या पोरानं काय करायचं? त्याचं सामान उचलून भाईर ठिवू का?"

"चुकूनसुद्धा नको. सामानाला हात लावलात तर केस. पाणी तोडलंत तर केस. त्याच्या अंगाला हात लावलात तर मारहाणीची केस."

"मंग मी करू तरी काय?"

इथे मी चहा सांगायला हवा होता. त्याऐवजी मी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि बर्गे बोलतात तशी हवेत धरली.

"हे बघा काकू, कायदा हात बघतो. तुमचा हात त्याला लागला नाही, त्याच्या वस्तूला लागला नाही, तर कायद्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. तुमच्या उंबऱ्याच्या आत तुम्ही काय करता याचा जाब कोण विचारणार? आता त्याचा त्यालाच तिथे जीव नकोसा झाला आणि तो निघून गेला, तर तो त्याचा प्रश्न."

चंपाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "त्याला दमा हाय."

"कुणाला?"

"रंगनाथाला. त्या बँडवाल्याला. इंदी, त्याची बायकू, अडुळशाचा पाला माझ्याच परसातनं न्हेती. काढा करून देती त्याला. धूळ सोसत न्हाई, धूर सोसत न्हाई, फोडनीचा ठसका सुदीक सोसत न्हाई. पर कुनाला म्हाईत न्हाई बरं का. त्यांचा मालक साळोखे, त्याला कळलं तर उद्याच्याला क्लॅरनेट काढून घ्येल. दम्याच्या मानसाला कोन फुंकायला उभा करंल?"

हे मला नीट ऐकू आलं. त्या हे मला का सांगताहेत, हेही कळलं. कळलं नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो, पण ते खरं नाही.

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हणालो. "मी काही सांगितलं नाही."

त्या उठल्या, मला हात जोडले आणि गेल्या. मेथी मी घरी नेली. आईने तिची मुगाची डाळ घालून भाजी केली.

म्हेत्र्यांच्या त्या घरात पुढच्या खोलीत रंगनाथ गुरव, त्याची बायको इंदूबाई आणि दहा वर्षांची मुलगी राहत. मागे चंपाबाईंचं स्वयंपाकघर. मध्ये कुडाची भिंत. ती वर पत्र्यापर्यंत गेली नव्हती, हातभर मोकळी होती. इकडची फोडणी तिकडे कळायची आणि तिकडचं क्लॅरनेट इकडे.

होळीच्या आधीच्या एका शनिवारी दिवेलागणीला चंपाबाईंनी मुलाची दृष्ट काढली. आमच्याकडे मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या माणसावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकतात. ठसका लागला तर दृष्ट नव्हती म्हणायचं. लागला नाही तर दृष्ट मोठी होती, ती मिरच्यांनी ओढून घेतली. चंपाबाईंनी शेगडी नेमकी कुडाच्या भिंतीला लावून ठेवली होती. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या शनिवारी सुपातल्या निम्म्या मिरच्या शेगडीत होत्या, आणि त्या स्वतः मुलाला घेऊन परसात जाऊन उभ्या होत्या.

रंगनाथ त्या दिवशी एका हळदीत तीन तास वाजवून आला होता आणि पडला होता. इंदूबाई नळावर गेली होती. ती आली तेव्हा तो दारापर्यंत सरपटत आला होता आणि ओठ निळे पडले होते. गल्लीतल्या लोकांनी त्याला टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. चार दिवस नाकात नळी होती. डॉक्टरांनी इंदूबाईला विचारलं, "आधी कधी असं झालंय?" ती म्हणाली, "कंदीच न्हाई." दवाखान्याच्या कागदावर 'धुरामुळे श्वास कोंडला' एवढंच लागलं. क्लॅरनेट मालकाचं होतं, हे ती त्याही वेळी विसरली नव्हती.

पोलिसांनी चंपाबाईंवर तीनशे चोविसावं कलम लावलं. मला ते कलम काढून वाचावं लागलं. घातक साधनांनी दुखापत करणे. सुरी, बंदूक, विस्तव, आणि त्याच यादीत, श्वासावाटे घेतल्याने शरीराला अपाय होईल असा पदार्थ.

चंपाबाई सरळ माझ्याकडे आल्या. बर्गे आतल्या खोलीत होते.

"मी हात न्हाई लावला, सायेब," त्या घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. "तुमी म्हनला तसंच केलं."

मी उठून मधलं दार लोटून घेतलं.

नंतर बर्ग्यांनी विचारलं, "ही बाई आधी कधी येऊन गेली होती का रे?"

"मेथी द्यायला आली होती एकदा," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि केस मलाच दिली. 'पहिली स्वतंत्र केस,' असं सगळ्या बाररूमला सांगितलंही.

मी तयारी केली ती माझ्या लाडक्या मुद्द्यावरच. पहिल्याच तारखेला उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, आरोपीने फिर्यादीच्या नवऱ्याला स्पर्शही केलेला नाही. तिने स्वतःच्या घरात दृष्ट काढली. धूर वाऱ्याने गेला. आरोपीने दुखापत केली असं म्हणताच येणार नाही."

न्यायाधीश निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"भोइटे, कलमात हात हा शब्द कुठे आहे, दाखवा मला."

मी कलमाचं पान उघडून बघू लागलो.

"वाटेत खड्डा खणून वर पाचोळा टाकला आणि माणूस पडला, तर खणणाऱ्याचा हात कुठे लागला? कायदा हात बघत नाही. डोकं बघतो. या धुराने या माणसाला अपाय होईल, हे बाईंना आधी माहीत होतं का? माहीत असेल तर त्यांनी केलं. माहीत नसेल तर त्यांच्यामुळे ते झालं, पण त्यांनी केलं नाही. मला एवढंच बघायचंय. बसा."

मी बसलो. टेबलावरची पेन्सिल, मेथीची जुडी, 'कायदा हात बघतो', सगळं आठवलं. मी त्या बाईला चक्क चुकीचा कायदा सांगितला होता. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो आनंद. कारण कोर्टातून घरी जाताना मी मोजून पाहिलं: चंपाबाईंना दमा माहीत होता, हे माहीत असलेली माणसं जगात तीनच. एक खुद्द चंपाबाई. आरोपीला साक्ष द्यावी लागत नाही. दुसरा मी, अशिलाचं बोलणं वकिलाने बाहेर काढायचं नसतं, हे मला पुस्तकातल्या पानासकट पाठ होतं. आणि तिसरी इंदूबाई. रंगनाथ धरला तर चार, पण तो स्वतःच्या पोटावर पाय देणार नव्हता.

वर्षभर तारखा पडत राहिल्या. रंगनाथाची साक्ष झाली. "धूर आला, दम कोंडला, फुडचं ठाव न्हाई," एवढंच तो म्हणाला. सरकारी वकिलांना दम्याची गोष्टच माहीत नसल्याने त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी तर विचारणारच नव्हतो. मग इंदूबाईच्या साक्षीची तारीख लागली, फाल्गुनातली, बारा मार्च.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. वडील म्हणाले, "बँड सांगून ये." गावात चांगला बँड एकच, साळोख्यांचा नवलाई ब्रास बँड. बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. दारात ढोल टांगलेले, आत लाल डगले. मारुती साळोखे गादीवर बसले होते.

"या वकीलसाहेब. कधीची सुपारी?"

मी तिथेच पैसे देऊन मोकळा होऊ शकत होतो. पैसे खिशात होते.

"बारा तारखेला कोर्टात या, मालक," मी म्हणालो. "साडेअकराला. तिथेच सुपारी देतो. आतच येऊन बसा, बाहेर ऊन असतं."

"कोर्टात? मी कवा पायरी चढलो न्हाई तिथली."

"तुमच्याच क्लॅरनेटवाल्याची केस आहे. बघा तरी."

"रंगनाथाची? येतो की मंग," साळोखे म्हणाले. "लई गुणी मानूस. त्या म्हातारीनं जीवच घेतला हुता त्याचा. गेल्या साली पंधरा दिवस गडी आडवा. मला तर शंका आल्ती, छातीचं काय दुखनं हाय का म्हनून. पर बायकू म्हनली न्हाई, धुरानंच झालं."

"धुराने कुणालाही होतं," मी म्हणालो.

बारा तारखेला इंदूबाई पिंजऱ्यात उभी राहिली. किडकिडीत बाई, धुतलेलं पातळ, हातात एक-एक काचेची बांगडी. शपथ घेताना तिने डोळे मिटले. सरकारी वकिलांनी घडलेलं सगळं विचारलं, तिने नीट सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आरोपीने हे मुद्दाम केलं, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"तिला समदं ठाव हुतं, सायेब," इंदूबाई म्हणाली.

सरकारी वकील चष्मा पुसत खाली बसले. 'काय ठाव होतं' हे त्यांनी विचारलंच नाही. ते माझ्यासाठी ठेवलं. न्यायाधीशांनी मात्र मान वर केली होती.

घड्याळात अकरा वीस झाले होते. दारात साळोखे नव्हते.

मी उलटतपासणी सुरू केली. भिंत किती उंच आहे? खोलीला खिडक्या किती? नळ घरापासून किती लांब? तुमच्याकडे चूल आहे की स्टोव्ह? तुम्ही स्वतः दृष्ट काढता का? ती शांतपणे उत्तरं देत होती. कधी कधी मला मदत करावी तशी, जास्तीचंही सांगत होती. "खिडकी एकच, सायेब, ती बी रस्त्याकडंला."

"भोइटे, मुद्द्यावर या," न्यायाधीश म्हणाले.

"येतोय, साहेब," मी म्हणालो आणि उगाच कागद चाळले. घोटभर पाणी प्यायलो.

मागचं दार करकरलं. पांढरी टोपी, झुपकेदार मिशा, साळोखे चपला हातात घेऊनच आत आले. शिपायाने त्यांना मागच्या बाकावर बसवलं. त्यांनी मला मान लववली. आणि इंदूबाईने त्यांना पाहिलं.

"इंदूबाई," मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात, आरोपीला सगळं माहीत होतं. काय माहीत होतं?"

तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"तुमच्या यजमानांना दमा आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

पिंजऱ्याची कड तिने दोन्ही हातांनी धरली. तिची नजर मागच्या बाकावर गेली आणि तिथून परत आली.

"न्हाई."

"नाही म्हणजे? दमा नाही?"

"न्हाई."

"पूर्वी कधी होता?"

"कंदीच न्हवता."

इथे थांबलो असतो तरी केस माझी होती. न्यायाधीशांनी लिहूनही घेतलं होतं. पण मला ती गाठ पक्की करायची होती.

"मग आरोपीच्या परसातून अडुळशाचा पाला तुम्ही कशाला नेत होतात?"

इंदूबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. हे मी कुठून आणलं, एवढंच ती माझ्या तोंडावर शोधत होती.

"पोरीच्या खोकल्यासाठी," ती म्हणाली.

"म्हणजे आरोपीला माहीत असण्यासारखं काही नव्हतंच."

"नसंल," ती म्हणाली. मग जरा वेळाने, कुणी न विचारता म्हणाली, "धुरानं कुनालाबी हुतं."

मी खाली बसलो. बर्गे मागे उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. बाहेर चिंचेखाली मी साळोख्यांना सुपारी दिली. इंदूबाई आणि रंगनाथ आमच्यासमोरून गेले. तो पुढे, ती दोन पावलं मागे. रंगनाथाने मालकांना नमस्कार केला, आणि त्यांच्याशेजारी उभा होतो म्हणून मलाही.

चंपाबाई निर्दोष सुटल्या. आरोपीला परिणामाची जाणीव असल्याचा पुरावा नाही, असं निकालात होतं. गुढीपाडव्याच्या आत गुरवांनी खोली सोडली. ती बाई सुटून आल्यावर त्याच भिंतीपलीकडे राहायची हिंमत कोण करणार? त्यांना खोली मिळाली ती गावाबाहेर, खडी फोडायच्या मशीनच्या अंगाला. तिथे दिवसभर पांढरी धूळ उडायची. पुढच्या खोलीत चंपाबाईंच्या मुलाचं दुकान लागलं. माझ्या लग्नाचा कोट त्यानेच शिवला. माप घेताना चंपाबाई स्वतः बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, "खांद्यात सैल ठिव रे, सायबास्नी हात वर करून बोलायचं असतं."

वैशाखात माझं लग्न झालं. लग्नाच्या सकाळी वऱ्हाड मारुतीच्या दर्शनाला निघालं. मी घोड्यावर, तो कोट अंगात, कपाळाला मुंडावळ्या. पुढे नवलाई ब्रास बँड, आणि त्याच्याही पुढे लाल डगल्यात रंगनाथ गुरव.

तो छान वाजवायचा, याबद्दल वाद नव्हता. पण घोड्यावरून मला दुसरंही ऐकू येत होतं. ओळीचा शेवटचा स्वर तो सोडून द्यायचा. तेवढ्यात ट्रंपेटवाला तो उचलायचा. लोकांना वाटायचं, अशीच बांधणी आहे. मी त्या सोडलेल्या जागा ऐकत राहिलो. एकदा ऐकू यायला लागल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

देवळापाशी उतरलो तेव्हा नारळ घरीच राहिल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. बायका आत गेल्या, बाप्ये नारळ आणायला धावले. बँडवाले पिंपळाखाली टेकले. मी देवळाच्या कडेला, नळापाशी, सावलीत जाऊन उभा राहिलो.

देवळामागे रंगनाथ भिंतीला पाठ लावून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर-खाली होत होते. इंदूबाई त्याला फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीतून काहीतरी पाजत होती. आता ती प्रत्येक लग्नाला बँडमागून चालत यायची, हे मला नंतर कळलं. त्याचं पिऊन झाल्यावर ती बाटली विसळायला नळावर आली आणि मला बघून थांबली.

"लगीन चांगलं हुंद्या तुमचं, सायेब," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

तिने बाटली विसळली. दोनदा विसळली. मग म्हणाली, "एक इचारू का? राग नगा धरू."

"विचारा."

"कोर्टात शपत घिऊन खोटं बोलले, ती मीच बोलले. मालक म्होरं बसल्यालं, मी काय बोलनार? त्येचं पाप मी तुमच्या माथी मारत न्हाई. तुमी नुसतं इचारलं. पर त्ये अडुळशाचं तुमाला कुनी सांगितलं?"

"चंपाबाईंनी."

"त्ये कळलं मला. कवा सांगितलं? केस झाल्यावर, का आदी?"

हा न्यायाधीशांचाच प्रश्न होता. आधी माहीत होतं का? वर्षभर तो कुणी मला विचारला नव्हता. या बाईला कायदा माहीत नव्हता, पण अख्ख्या केसमध्ये विचारण्यासारखं एवढंच होतं, हे तिला नेमकं कळलं होतं.

तिच्या वेळेला मागच्या बाकावर साळोखे बसले होते. माझ्या मागे कुणी नव्हतं. शपथ नव्हती, लिहून घेणारं कुणी नव्हतं, माझं क्लॅरनेट कुणी काढून घेणार नव्हतं. खरं बोललो असतो तर ती फार तर माझ्या तोंडावर थुंकली असती, आणि तेवढी माझी लायकी होती.

"नंतर," मी म्हणालो. "केस झाल्यावर."

इंदूबाईचे खांदे एकदम सैल झाले.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "म्या यास्नी त्येच सांगत हुते. त्यांच्या डोस्क्यात भलतंच बसलं हुतं. म्या म्हनलं, आसं कसं हुईल? सायबास्नी आदी कळलं असतं, तर त्यांनी म्हातारीला अडवलंच असतं."

बाटली पदराखाली घेऊन ती देवळामागे गेली. ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलताना मला दिसली. रंगनाथाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, उठला, डगला झटकला आणि मला हात जोडले. नारळ आला. मी देवाला फोडला आणि घोड्यावर बसलो. क्लॅरनेट पुन्हा सुरू झालं.

रंगनाथ त्यानंतर दोन हंगाम वाजवू शकला. तिसऱ्या वर्षी गेला. मी मातीला गेलो नाही. त्या दिवशी माझं कोर्टात काही फार महत्त्वाचं नव्हतं.

इंदूबाई अजून आहेत. आठवडे बाजारात वडाखाली भाजी घेऊन बसतात. आता मी त्यांना मनातसुद्धा अहो-जाहो करतो, तेवढी अक्कल आली. मला लांबून ओळखतात, आणि शेजारी नवीन कुणी बसलं असेल तर सांगतात, "ह्ये भोइटे वकील. आमच्या इरुदात हुते, पर मानूस सरळ." उत्तर दुरुस्त करायला मला पस्तीस वर्षं मिळाली. दर बाजारी मी आज बोलायचं असं ठरवून तिथपर्यंत जातो. त्या एका जुडीच्या पैशांत मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत घालतात. मी नको म्हणत नाही आणि घरी येतो.